फुटाला दोन इंच

वरच्या बाईंच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे. पेन्सिलीच्या टोकाला रबर होतं आणि त्या रबरानं बाई घरातल्या प्रत्येक वस्तूला हलकेच ठोकून बघत. बघत म्हणजे खरं तर ऐकत. आम्ही सांगवीला त्या इमारतीत राहायला गेलो, त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब फडफडायला लागली. माझे मिस्टर स्टुलावर चढून स्टार्टर फिरवत होते, तेवढ्यात उघड्या दारातून आवाज आला, "उतरा खाली. तिला काय होतंय ते आधी विचारा तरी." पंचाहत्तरीच्या एक बाई आत आल्या, पदर खोचला, स्टुलावर चढल्या आणि पेन्सिल उलटी धरून ट्यूबच्या दोन्ही टोकांना टकटक केलं. मग कान देऊन जरा थांबल्या. "डावीकडचा होल्डर सैल झालाय. ट्यूब चांगली आहे, टाकू नका." एवढं बोलून उतरल्या आणि वर निघून गेल्या. कोण, कुठल्या, काही सांगितलं नाही. होल्डर खरंच सैल होता.

पहिल्या भेटीनंतर मी त्यांना काकू म्हणाले, तर तिथल्या तिथे दुरुस्ती झाली. "काकू व्हायला आधी काका लागतो. तो मी केला नाही. मला बाई म्हण." आडनाव साठे, पण इमारतीत सगळेच त्यांना वरच्या बाई म्हणत. गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. बोलणं तुटक, पण तुसडं नाही. कुणी उगाच कौतुक करायला लागलं की त्या खिडकीबाहेर बघायला लागत, आणि कौतुक संपलं की पुन्हा माणसाकडे वळत.

मी चाकणच्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. मोटारीत दिव्यांपासून हॉर्नपर्यंत सगळीकडे तारांच्या जुड्या फिरतात, त्यांना हार्नेस म्हणतात. ते आमच्याकडे तयार होतात. जालन्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न होऊन इकडे आले आणि या तारांत अडकले ती अजून अडकलेलीच आहे. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तारा बांधता कशानं?"

"केबल टायनं. प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ओढल्या की घट्ट बसतात," मी म्हणाले.

बाईंचा चेहरा असा झाला, जणू मी कुणाच्या तरी लहान मुलाला खांबाला बांधून ठेवते असं सांगितलं होतं. "गुरुवारी वर ये," त्या म्हणाल्या. गुरुवारी आमच्याकडच्या कंपन्यांना सुट्टी. मी वर गेले तेव्हा त्यांनी मेण लावलेला जाड दोरा काढून ठेवला होता. एका लांब दोऱ्यानं अख्खी जुडी कशी बांधत न्यायची, प्रत्येक गाठ आधीच्या गाठीपासून अंगठ्याच्या रुंदीएवढी लांब कशी ठेवायची, जिथे एखादी तार जुडीतून बाहेर पडते तिथे दोन गाठी का घ्यायच्या, हे त्यांनी मला दुपारभर शिकवलं. "तार धरायची, आवळायची नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी त्या कामात स्वतःला मुरलेली समजत होते. त्यांची बांधलेली जुडी हातात घेतली आणि मला ती खाली ठेववेना. वेणी घातल्यासारखी होती ती.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरवर," बाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

त्यांची गोष्ट मला एकदम कधी कळली नाही. चार गुरुवारांना चार तुकडे मिळाले. संगमेश्वरकडची मुलगी, गणितात बी. एस्सी., मावशीकडे राहून नोकरी शोधत होती. एका प्रयोगशाळेत जागा निघाली. कसली, ते जाहिरातीवरून कळत नव्हतं. तिथे एका लांबलचक हॉलमध्ये भिंतीएवढं यंत्र उभं राहत होतं. आपल्या देशात तेव्हा अशी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकीच. ट्रान्झिस्टर अजून सगळीकडे आले नव्हते. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारं ते यंत्र. असे व्हॉल्व्ह रेडिओत चार-पाच असत, इथे हजारांनी होते. सगळे पेटले की हॉल भट्टीसारखा तापे. रोज सकाळी यंत्र सुरू झालं की पेन्सिलीच्या रबरानं एकेका व्हॉल्व्हला ठोकायचं आणि कुठला थरथरतोय ते शोधायचं, हे बाईंचं काम. मग मेमरीच्या कड्या ओवायचं काम आलं, मग तारा बांधायचं, आणि हळूहळू त्या यंत्राला बरं नसलं की सगळे त्यांनाच हाक मारायला लागले. काही वर्षांनी नवं परदेशी यंत्र आलं आणि हे बंद झालं. बाई पिंपरीच्या एका कारखान्यात पंचकार्डांच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवर हिशेब ठेवायच्या, विभागात आल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. "त्याचं पुढे काय झालं?" असं मी विचारलं होतं. "काय होणार? जागा लागत होती," एवढंच उत्तर मिळालं.

दर रविवारी सकाळी बाईंना एक फोन येई. माझी दुपारची पाळी असली आणि त्या वेळी मी वर असले तर त्या मला हातानंच बस म्हणत आणि खुर्चीत ताठ होऊन बोलत. पलीकडे साहेब असत. ज्यांनी ते यंत्र आखलं, उभं केलं, ते साहेब. नव्वदी पार केलेले, निगडीला मुलीकडे राहणारे. ते अजूनही बाईंना 'मिस साठे' म्हणत, आणि बाई त्यांना 'सर'. आमच्याशी बोलताना मात्र 'साहेब'. दोघांचं बोलणं ऐकून बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, यंत्र अजून चालू आहे. "नाही सर, तो स्विच वरच्या ओळीत होता. मला टाचा उचलायला लागायच्या," असं काहीतरी.

एका रविवारी बाईंनी फोन ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. साहेबांना काचबिंदू होता. दृष्टी आधीच गेली होती. त्या दिवशी ते म्हणाले होते, "मिस साठे, डोळे गेल्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. यंत्र आत दिसत होतं. आता तेही दिसेनासं झालंय. डाव्या बाजूनं सुरुवात करतो आणि मध्येच हरवतो."

बाईंनी मला हे सांगितलं आणि म्हणाल्या, "आपण करू या."

"काय?"

"यंत्र. लहान करू. हात लावून बघता येईल असं."

त्या यंत्राची छायाचित्रं नव्हती का? होती, दोन-तीन. पुढून काढलेली, पाहुण्यांना मध्ये उभं करून. मागची बाजू कुठेच नव्हती, आणि बाईंच्या लेखी यंत्र म्हणजे मागची बाजू. मग एका गुरुवारी त्यांनी मला गच्चीवर नेलं. हातात खडू. त्या एका जागी उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि चालायला लागल्या. चार पावलं सरळ, मग उजवीकडे वळून हात लांब केला. "इथे पहिलं कपाट. माझं कोपर इथे लागायचं." मी खडूनं रेघ ओढली. त्या पुढे सरकल्या. एका जागी खाली वाकल्या आणि वाकूनच पुढे गेल्या. तिथे काही नव्हतं, नुसती गच्ची होती आणि पलीकडे दोरीवर वाळत घातलेल्या चादरी होत्या. "इथून वरच्या तारा जायच्या. उंच माणसांची डोकी आपटायची. माझं नाही आपटायचं, पण सवय." संध्याकाळपर्यंत अख्खी गच्ची खडूच्या रेघांनी भरली. बाई त्या रेघांतून अशा हिंडत होत्या, की मी नकळत रेघ ओलांडायची सोडून कपाटांना वळसा घालून जायला लागले. भिंती नव्हत्या, यंत्र नव्हतं, पण मला ते दिसत होतं.

माप ठरलं फुटाला दोन इंच. मी म्हणाले, एक इंच धरलं तर तुमच्या या छोट्या टेबलावर मावेल. बाई म्हणाल्या, "आणि साहेबांचं बोट आत कसं जाणार?" त्या मापानं यंत्र माझ्या कमरेपासून जमिनीपर्यंत भरेल एवढं लांब झालं. पिंपळे गुरवच्या स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यानं अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून दिल्या. व्हॉल्व्हचं काय करायचं, हे मात्र सुटेना. बाईंना मणी नको होते, प्लॅस्टिक नको होतं. "गरम झाले नाहीत तर ते व्हॉल्व्ह नव्हेत." मला एकदम आठवलं, मोटारीच्या डॅशबोर्डमध्ये पूर्वी करंगळीच्या नखाएवढे काचेचे बल्ब असत. आता सगळीकडे एलईडी आले आणि जुने बल्ब आमच्या स्टोअरमध्ये खोक्यांत पडून होते. मॅनेजरांना विचारलं, रीतसर गेटपास केला आणि खोकी घरी आणली. बाईंनी एक बल्ब बारा व्होल्टच्या बॅटरीला लावला, पेटल्यावर गालाजवळ धरला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून मनापासून हसल्या.

काम करताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "हे आठवतंय, की वाटतंय?" तो प्रश्न मला नसे, त्यांचा त्यांनाच असे. एखादी पट्टी बसवताना हात थांबे, ओठ हलत, आणि 'वाटतंय' असं उत्तर आलं की ती पट्टी पुन्हा बाजूला. मग रविवारी साहेबांना विचारणं. साहेबांनाही वाटतंच असेल, तर दोघं फोनवर भांडत आणि पट्टी आणखी एक आठवडा बाजूला. पण आठवतंय म्हणाल्या की आठवतंय. अमुक पट्टीला तीन स्क्रू, चौथ्याचं भोक आहे पण स्क्रू नाही. अमुक स्क्रूची खाच झिजलेली, पेचकस घसरतो. मी एकदा म्हणाले, "बाई, हे कुणाला कसं आठवू शकतं?" त्या म्हणाल्या, "हात लावलेला असला की आठवतं." मला ते उत्तर पुरेसं वाटलं नव्हतं, पण पुढे विचारायची हिंमत झाली नाही.

एका कपाटाशी मात्र त्या अडल्या. उजवीकडून दुसरं. त्याला कुलूप असे आणि किल्ली साहेबांकडे. आत काय आहे, ते कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरून कुणी मोठे पाहुणे आले की साहेब त्या कपाटाशी थांबत आणि "पुढचा टप्पा" एवढंच म्हणून पुढे जात. "फोनवर विचारा ना," मी म्हणाले. "तेव्हा नाही विचारलं, आता काय विचारायचं?" बाई म्हणाल्या. त्यांनी ते कपाट दार बंद ठेवूनच केलं. आत कल्पनेनं काही भरलं नाही. "मला माहीत नाही ते मी करणार नाही."

मग मेमरी. खरं सांगायचं तर इथवर मी एक सुंदर खेळणं करत होते. मेमरीनं मला गप्प केलं. त्या काळी आठवण साठवायला चिप नव्हती. मोहरीएवढ्या बारीक कड्या असत, लोखंडाची भुकटी भाजून केलेल्या. त्या आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत ओवायच्या, प्रत्येक चौकात एक. कडीत चुंबकत्व एका दिशेनं फिरलं तर 'हो', उलट्या दिशेनं फिरलं तर 'नाही'. "एवढ्या कड्यांतली नेमकी एकच कशी वळते?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "आडव्या तारेनं हाक मारली, तर तिच्यावरच्या सगळ्या कड्यांना अर्धीच हाक ऐकू येते. कुणी हलत नाही. उभ्या तारेनं मारली तरी तेच. दोघींनी एकदम हाक मारली, तर जिथे त्या भेटतात तिथली एकच कडी वळते." मग म्हणाल्या, "आणि वीज गेली तरी वळलेली कडी वळलेलीच राहते." मी रोज हजारो तारा हाताखालून घालवते. त्या दिवशी तार म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळलं असं वाटलं.

बाईंना ही मेमरी खरी हवी होती, चालणारी. सगळी नाही, आठ आडव्या आणि आठ उभ्या रांगांची एकच पट्टी. कड्या मी ऑनलाइन मागवल्या. जुन्याहून मोठ्या, साबुदाण्याएवढ्या मिळाल्या. बोटाला लागतील म्हणून बाईंना तेच बरं वाटलं. मी म्हणाले, बाकीचं एका चिपमध्ये बसेल. बाई म्हणाल्या, "चिप नको. तिच्या आत काय चाललंय ते मला दिसत नाही आणि साहेबांच्या हाताला लागत नाही." मग सुट्टे ट्रान्झिस्टर वापरून मी सर्किट केलं. साहेबांना दिवा दिसणार नव्हता, म्हणून उत्तर आवाजात द्यायचं ठरलं. 'हो' असेल तर छोट्या स्पीकरमधून टक असा आवाज. 'नाही' असेल तर काहीच नाही.

ओवायला बसल्या आणि बाईंचा हात थरथरायला लागला. त्यांनी हात मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. कुणाकडे न बघता म्हणाल्या, "हे माझ्याच्यानं होणार नाही." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

आमच्या लाइनवर छाया आहे. खेडजवळच्या गावची, घरी कांद्याची शेती, आणि हात असा की आम्ही नव्या मुलींना तिच्या शेजारी नुसतं बघायला बसवतो. मी तिला सांगवीला घेऊन आले. बाईंनी तिला कडी दाखवली, तार दाखवली, आडवी-उभी कशी जाते ते दाखवलं, आणि शेवटी सगळ्या कड्यांतून तिरपी जाणारी ती एक तार, जी उत्तर ऐकून येते. छायानं सगळं ऐकून घेतलं.

"आन एक कडी चुकली तर, बाई?"

"तर तेवढी एक गोष्ट यंत्र कायमची विसरेल."

"मंग न्हाई चुकायची," छाया म्हणाली आणि मान खाली घातली.

तिनं ओवलं आणि बाई शेजारी बसून बघत राहिल्या. त्या शिकवत नव्हत्या, अडवत नव्हत्या. मध्येच एकदा त्यांनी छायाच्या मनगटाखाली एक घडी घातलेला टॉवेल सरकवला, बस. शेवटची तार ओढून झाल्यावर छायानं विचारलं, "जमलं का वो?" बाईंनी पट्टी उजेडाकडे धरली. आरपार बघितली. "आमच्या वेळी तू हवी होतीस," त्या म्हणाल्या. छाया लाजून म्हणाली, "आमी तवा जन्मलोबी नव्हतो."

त्याच सुमारास साहेब आजारी पडले. छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारी त्यांच्या मुलीचा, नीलाताईंचा आला, की घरी आणलंय, पण आता फार बोलवत नाही. बाईंचं यंत्र तेव्हा अर्ध्याच्या थोडं पुढे होतं. मागच्या बाजूच्या जुड्या बांधायच्या होत्या. मी म्हणाले, तसंच नेऊ या. बाईंनी मेणाचा दोरा काढला. त्यानंतर मी शिफ्टवरून आले की वर, छाया गुरुवारी वर, आणि बाई तर दिवसभर त्यातच. केबल टाय लावले असते तर एका दिवसात झालं असतं. तो विषय कुणी काढला नाही.

शेवटी एका गुरुवारी आम्ही ते निगडीला नेलं. माझ्या मिस्टरांनी मित्राची व्हॅन आणली होती. आत दोन गाद्या, त्यावर यंत्र, आणि यंत्राच्या दोन्ही बाजूंना बाई आणि छाया, त्याला धरून. रस्त्यात प्रत्येक गतिरोधकावर बाई म्हणत, "हळू," आणि मिस्टर म्हणत, "बाई, याहून हळू म्हणजे थांबणं आहे."

साहेब खुर्चीत बसले होते. अंगानं काही उरलं नव्हतं, पण हात मोठे होते. यंत्र त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं, बॅटरी जोडली, बल्ब पेटले. आम्ही वाट बघत थांबलो, कारण बाईंनी तसं बजावलं होतं. तापू दे. मग बाई म्हणाल्या, "सर, डावीकडून."

साहेबांनी हात पुढे केले. उबेपाशी पोचल्याबरोबर थांबले. हाताचे तळवे त्यांनी व्हॉल्व्हच्या रांगांसमोर नुसते धरून ठेवले, थंडीत शेकोटीसमोर धरतात तसे. मग बोटं आत गेली. पहिलं कपाट, दुसरं. एखाद्या जागी बोट थांबे, ओठ हलत, आणि हात पुढे जाई. मागच्या बाजूला जुडीवरच्या गाठी त्यांनी एकेक चाचपल्या. ते हरवले नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. देवळात गाभाऱ्याशी उभ्या असलेल्या माणसाकडे बघू नये असं वाटतं, तसं मला वाटलं आणि मी नजर काढून घेतली.

उजवीकडून दुसऱ्या कपाटाशी हात थांबला. "मिस साठे, हे दार उघडत का नाही?"

"आत काय होतं मला माहीत नाही, सर. किल्ली तुमच्याकडे असायची."

साहेब हसायला लागले. हसता हसता खोकला आला, नीलाताईंनी पाणी दिलं, तरी हसू थांबेना. "काही नव्हतं हो आत. सामान संपलं होतं. रिकामं कपाट पाहुण्यांना कसं दाखवायचं? लावलं कुलूप."

बाई बघतच राहिल्या. "आणि मी रोज सकाळी त्याची धूळ पुसत होते!"

"तुम्ही पुसत होता म्हणून तर सगळ्यांना खरं वाटायचं."

मग बाईंनी साहेबांचं बोट मेमरीच्या पट्टीवर ठेवलं. कुठली कडी ते साहेबांनी निवडलं, बाईंनी खटका 'लिहा'वर ठेवून त्या कडीच्या आडव्या-उभ्या तारांची दोन बटणं एकदम दाबली, म्हणजे तिथे 'हो' लिहिलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं बॅटरीची तार काढली. बल्ब विझले. नीलाताईंनी पोहे आणले, आम्ही खाल्ले, साहेब छायाला तिच्या गावाबद्दल विचारत राहिले. यंत्र टेबलावर थंड होत होतं. बऱ्याच वेळानं साहेब म्हणाले, "जोडा." बाईंनी तार जोडली, खटका 'वाचा'वर नेला आणि तीच दोन बटणं दाबली.

टक.

साहेबांनी हात पुढे केला, आणि बाईंनी, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, कुणाचा तरी हात हातात घेतला.

यंत्र आम्ही तिथेच ठेवलं. पुढचा पावसाळा सरता सरता एका सकाळी वरच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. बाई झोपेतच गेल्या होत्या. मला नेहमी वाटायचं की साहेबांची बातमी मला बाईंना सांगावी लागेल, आणि ती कशी सांगायची याची मी मनात तयारी करून ठेवली होती. उलट झालं. मी निगडीला गेले. साहेब यंत्रासमोरच बसले होते. नीलाताई म्हणाल्या, हल्ली दिवसभर तिथेच असतात.

मी सांगितलं. साहेबांचा हात मागच्या जुडीच्या गाठींवर गेला. मग त्यांनी विचारलं, "ते यंत्र मोडलं कुणी, हे तिनं तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाही," मी म्हणाले.

"मोडायचा हुकूम आला तेव्हा कुणी हात लावायला तयार नव्हतं. भंगारवाला हातोडे घेऊन माणसं पाठवणार होता. ती म्हणाली, हातोडा लागू देणार नाही, मी सोडवते. ते कुलपाचं कपाट मी आधीच हलवून टाकलं होतं, तिला कळू नये म्हणून. बाकी सगळं तिनं सोडवलं, एकटीनं. एकेक स्क्रू, एकेक तार. चांगले व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून कॉलेजांना पाठवले, पोरांना शिकायला. मला आत जाववेना. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून ऐकायचो. शेवटच्या दिवशी ती बाहेर आली, नळावर हात धुतले, आणि म्हणाली, सर, खोली रिकामी आहे."

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. पेचकस घसरतो म्हणून तिला माहीत असलेला तो झिजलेला स्क्रू माझ्या डोळ्यांसमोर आला. एवढं सगळं उरात ठेवून ही बाई माझ्यासमोर दर गुरुवारी बसून चहा पीत होती, आणि मला वाटत होतं तिची स्मरणशक्ती चांगली आहे.

उठायच्या आधी मी साहेबांना नमस्कार केला. त्यांनी माझे हात चाचपून बघितले, बोटांची टोकं, तारांनी पडलेले घट्टे.

"मिस साठेंना सांगा," ते म्हणाले, आणि थांबले. काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं. मग म्हणाले, "नाही. तुम्हालाच सांगतो. आणि त्या कड्या ओवणाऱ्या मुलीलाही सांगा. फार सुंदर झालंय."